घोड्यांवरच्या चौदा ओळी

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असे. हे पत्र अमुक बाईंनी आपल्या छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले. त्या अमुक बाई म्हणजे संपादकांची बायको. छापखान्यात तिला सगळे संपादकीणबाई म्हणत. मास्तरांची बायको जशी मास्तरीणबाई होते, आणि डॉक्टरांची बायको जन्मात कुणाची नाडी न बघता डॉक्टरीणबाई होते, तसंच ते.

ओळ तशी खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी सरकारनं, म्हणजे समुद्रापलीकडून येऊन बसलेल्या त्या सरकारनं, संपादकांच्या एका लेखावर डोळे वटारले आणि त्यांना स्वतःच्या नावावर छापखाना ठेवायची बंदी केली. कायदा कडक होता, पण त्यात बायकोचा विचार केलेला नव्हता. संपादकांनी छापखाना कागदोपत्री बायकोच्या नावावर केला, तिला कचेरीत नेऊन सही करायला लावली आणि पुढच्याच अंकात दीड रकाना लिहिला : 'स्त्रीच्या हाती छापखाना, नव्या युगाची पहाट'. अभिनंदनाची पत्रं आली. सगळी संपादकांच्या नावानं आली.

संपादक माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायला लागेल. त्यांचा देश त्यांना खरोखर मोकळा व्हायला हवा होता, स्त्रिया शिकायला हव्या होत्या, आणि कारखाने निघायला हवे होते. फक्त या तिन्ही गोष्टी आपण बोललो की झाल्या, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परक्यांच्या शाईनं परक्यांना शिव्या काय द्यायच्या, असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं आणि घरामागच्या पडवीत त्यांनी शाईचा कारखाना काढला. उद्घाटनाचं भाषण त्यांचं. मायफळं कुटायची, हिराकस भिजवायचा, कढई ढवळायची, डिंक गाळायचा आणि बाटल्या भरायच्या, हे बायकोचं. तिची बोटं बारा महिने निळीकाळी असत.

लग्न होऊन ती आली तेव्हा तिला अक्षराची ओळख नव्हती. हे संपादकांच्या पथ्यावरच पडलं, कारण सुधारकाला सुधारायला घरात कुणीतरी लागतं. चार संध्याकाळी त्यांनी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. पाचव्या संध्याकाळी सभा होती. पण त्या चार संध्याकाळींवर त्यांनी तेरा आठवडे लेखमाला चालवली, 'घरची शाळा' नावाची. तिचं पुस्तक निघालं, त्याच्या दोन आवृत्त्या हातोहात खपल्या. शेवटच्या प्रकरणात बायको नवऱ्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहिते आणि नवऱ्याचे डोळे भरून येतात. प्रत्यक्षात ती तेव्हा 'ट'पाशी अडकून बसली होती.

'ट'च्या पुढची अक्षरं तिला जुळारीकाकांनी शिकवली. काका छापखान्यातले जुने. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक करून जुळवायचे आणि मजकूर उभा करायचा, यात त्यांचे केस पिकले होते. छपाई झाली की ते सगळे खिळे परत आपापल्या खणात टाकावे लागतात. त्याला माणूस नव्हतं, तेव्हा काकांनी तिलाच हाताशी धरलं. ते तिला वहिनी म्हणत. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे ती आधी उलटं वाचायला शिकली, आणि कागदावरचा सुलटा 'क' तिला बरेच दिवस पाठ फिरवून उभा असल्यासारखा वाटे. पुढे ती स्वतः जुळवायला लागली, मग प्रुफं तपासायला लागली. संपादकांची वाक्यं लांबलचक असत. कर्ता पहिल्या ओळीत घराबाहेर पडे तो क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर दमून जाई. ती मधेच कुठेतरी पूर्णविराम टाकून त्याला बसवी. छापलेला अंक वाचून संपादक स्वतःवर खूश होत.

त्या वर्षी उन्हाळ्यात संपादक नऊ दिवसांच्या दौऱ्यावर गेले. विषय होता स्त्रियांची जागृती. अंक निघायच्या दिवशी सकाळी एक जाहिरात रद्द झाली आणि तिसऱ्या पानावर भोक पडलं.

"वहिनी, चौदा ओळी कमी पडतायत," काका म्हणाले. "काहीतरी द्या, नाहीतर आपल्या शाईची जाहिरात टाकतो."

"शाईची दोनदा आहे या अंकात."

"तिसऱ्यांदा टाकू. लोक आपली शाई घेत नाहीत, निदान वाचतील तरी."

खिळ्यांच्या पेटीसमोर ती उभी राहिली आणि हातात जुळणीची पट्टी घेतली. आदल्या दिवशी तिच्या आठ वर्षांच्या मुलीनं शाळेतून आल्यावर सांगितलं होतं, की शाळा आता झाडाखाली भरते. शाळेच्या इमारतीत साहेबांचे घोडे ठेवलेत, त्यांच्या पागेचं छप्पर गळतं म्हणून. मुलीनं घोडे मोजले होते. अकरा. ती बातमी बाईच्या डोक्यात तेव्हापासून घोळत होती. कागद घ्यावा, आधी लिहून काढावं, असं तिच्या मनातही आलं नाही. ती सरळ खिळेच जुळवायला लागली. लिहिणं म्हणजे काय ते तिला असंच ठाऊक होतं.

मजकूर असा होता : 'मुलींच्या शाळेचे छप्पर साहेबांच्या अकरा घोड्यांना देण्यात आले आहे. चाळीस मुली झाडाखाली बसतात. घोड्यांना पाऊस सोसत नाही, असे कळते. घोड्यांपैकी कोणी शिक्षणाची मागणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तरी ते तेथे राज्यकारभार शिकत असतील, तर आमची काही हरकत नाही. सध्या तो चालवणाऱ्यांपेक्षा ते शांत आहेत, आणि लाथ मारण्यापूर्वी कान तरी मागे करतात.' वर आणखी एकदोन वाक्यं होती, शाळेच्या फळ्याला आता कोण काय बांधतं त्याबद्दल. बरोबर चौदा ओळी भरल्या. काकांनी पट्टी हातात घेऊन उलटीच वाचली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पानात बसवली.

अंक निघाला आणि गावात दुसरा विषय उरला नाही. न्हाव्याच्या दुकानात एक माणूस मोठ्यानं वाची आणि अर्धी दाढी झालेला दुसरा माणूस मान हलवून हसे, ते धोक्याचंच होतं. साहेबांचा घोडा रस्त्यानं निघाला की लोक त्याच्या कानांकडे बघायला लागले.

संपादक दौऱ्याहून परतले ते चार माणसांच्या घोळक्यात. वाटेतच त्यांचं अभिनंदन सुरू झालं होतं. कशाबद्दल ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं, पण अभिनंदनाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. "सुचलं, लिहून टाकलं," असं ते दोघातिघांना म्हणूनही बसले होते. घरी येऊन त्यांनी अंक उघडला, तिसरं पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"बरं उतरलंय," ते म्हणाले. "निघताना मी काकांना थोडा मजकूर तोंडी सांगून ठेवला होता. त्यातलंच हे."

ती बाटल्यांना बुचं बसवत होती. तिनं वर पाहिलं. तिला बक्षीस नको होतं की कौतुकाची सभा नको होती. तिला एवढंच हवं होतं, की जगात एका तरी माणसानं ते पान हातात धरून म्हणावं : हे हिनं लिहिलंय. तो माणूस नवरा असता तर फार बरं झालं असतं. ज्यानं तिची वाक्यं इतकी वर्षं आपली समजून वाचली, त्यानं एकदा तरी थबकावं, एवढीच तिची इच्छा. स्वतःच्या तोंडानं सांगणं तिला जड गेलं.

"चहा घेता ना?" ती म्हणाली.

"घेतो. आणि आलं टाक थोडं, घसा बसलाय भाषणांनी."

आठवड्याभरात समन्स आलं. राजद्रोह. आणि समन्स बाईच्या नावानं होतं, कारण तळाची ती बारीक ओळ सरकारनं वाचली होती.

संपादकांचे वकीलमित्र त्याच दिवशी आले. उंच, चटपटीत माणूस, सगळ्या अडचणींवर तोडगा खिशात घेऊन फिरणारा. बैठकीच्या खोलीत संपादक, वकील आणि काका बसले. ती दाराशी उभी राहिली.

"हस्तलिखित कुठाय?" वकिलांनी विचारलं.

"नव्हतंच," काका म्हणाले.

"वा. म्हणजे कुणी लिहिलं ते सिद्ध होत नाही. आता फक्त वहिनींना सोडवायचं. वहिनी, कोर्टात एकच वाक्य बोलायचं. मला लिहिता-वाचता येत नाही, ह्यांनी दाखवलं तिथं नाव गिरवलं. खाली अंगठा उठवायचा. दहा मिनिटांत घरी."

"पण मला येतं," ती म्हणाली.

"येतं हो. घरी येतं. कोर्टात येत नाही."

संपादक अस्वस्थ झाले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "अरे, पण 'घरची शाळा'चं काय? सगळ्या जगाला ठाऊक आहे, मी हिला शिकवलं."

"ललित लेखन म्हणू."

"तिसरी आवृत्ती छापायला घेतलीय."

"मग प्रस्तावनेत घाल, पात्रं काल्पनिक आहेत म्हणून."

बायको अडाणी ठरते याचं संपादकांना वाईट वाटत होतं, पुस्तक खोटं ठरतं याचंही वाटत होतं, आणि यातलं जास्त कशाचं वाटतंय हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. शेवटी ते तिच्याकडे वळून म्हणाले, "काही दिवसांचाच प्रश्न आहे गं. मग पुन्हा साक्षर हो." वकील हसले. काका हसले नाहीत. तीही हसली नाही, आणि त्या क्षणी तिला नवऱ्याचा जो राग आला, तो तिच्या संसारातला पहिला स्वच्छ राग होता.

कोर्टाची खोली लांबट होती. भिंतींचा चुना सुटलेला, बाकांचे कोपरे हातांनी गुळगुळीत झालेले. उंच टेबलामागे न्यायाधीशसाहेब, त्यांच्या शेजारी खालच्या खुर्चीवर सरकारी भाषांतरकार. हा म्हातारासा, जाड भिंगांचा गृहस्थ गावातली सगळी वर्तमानपत्रं साहेबांच्या भाषेत करून देई. आपल्याच लोकांत त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे. त्याच्यापुढे घोड्यांचा अंक उघडा होता.

वकिलांनी प्रस्तावना केली. मग साहेबांनी विचारलं आणि भाषांतरकारानं ते तिच्या भाषेत केलं : "बाई, हा मजकूर कुणी लिहिला?"

"मी."

भाषांतरकारानं लगेच भाषांतर केलं नाही. त्यानं भिंगांवरून तिच्याकडे पाहिलं, मग अंकाकडे पाहिलं, मग तो एक शब्द साहेबांना सांगितला. साहेब हसले, आणि ते हसू वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. या देशातल्या बायका नवऱ्यासाठी कुठवर जातील याला सीमा नाही, असं ते म्हणाले. वकिलांनी तातडीनं उठून दुजोरा दिला. बाई घाबरल्या आहेत, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.

"कागद द्या, लिहून दाखवते," ती म्हणाली. "नाहीतर खिळे द्या."

खिळे हा शब्द भाषांतरकारानं गाळला, किंवा साहेबांना तो कळला नाही. मागच्या बाकांवर लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, धन्य आहे. आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

तो मजकूर संपादकांनी लिहिला नाही हे पक्कं ठाऊक असलेला माणूस तिच्याखेरीज आणि काकांखेरीज तिच्या माहितीत एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः संपादक. काकांना तोंडी काही सांगितलं होतं, ही त्यांची समजूत इतके दिवस बरी चालली होती. आता ती त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली. तिला ते दिसलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर काहीतरी उमटलं, आणि तिला वाटलं, आता हे म्हणतील.

संपादक उठून उभे राहिले. "मी लिहिलं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला यात ओढू नका."

खोलीत टाळ्या पडल्या. शिपायांनी गप्प केलं तरी पडत राहिल्या. ती पुढे कित्येक वर्षं या एका वाक्याचा विचार करत राहिली. ते तिला वाचवायला उठले होते, यात शंका नाही, कारण तुरुंगाची त्यांना खरोखर भीती होती. आणि उठता उठता त्यांनी तिच्याकडची एकुलती एक गोष्ट उचलून नेली, यातही शंका नाही. दोन्ही एकाच दमात केलं त्यांनी. आभार मानावेत तर नेमके कशाचे, आणि भांडावं तर लोक म्हणतील, नवरा हिच्यासाठी तुरुंगात गेला आणि ही बघा.

निकाल लागला : सहा महिने. निकालपत्रात स्पष्ट लिहिलं, की सदर चौदा ओळी संपादकांच्याच लेखणीतून उतरल्या आहेत. तिला सोडून दिल्याच्या कागदावर कारकुनानं तिचा अंगठा मागितला. तिची बोटं बघून म्हणाला, "सवय दिसतेय बाईंना अंगठ्याची." तिनं त्याच्या हातातला टाक घेतला आणि सही केली. कारकुनानं ती उलटसुलट करून पाहिली आणि मनापासून दाद दिली. "छान गिरवलीय."

संपादकांना हार घालून तुरुंगात पोचवलं. ती घरी आली तेव्हा छापखान्यात काका पेटीपाशी उभे होते.

"पुढच्या अंकाचं काय करायचं, वहिनी?"

"काढायचा."

"अग्रलेख?"

तिनं पट्टी हातात घेतली.

दर आठवड्याला ती एक अग्रलेख लिहायला लागली. नाव कुणाचंच नसे. विषय साधे : टपालखात्याच्या खिडकीची उंची, पाणी कुणाच्या वस्तीत आधी सुटतं, साहेबांच्या बागेला कुंपण किती आणि दवाखान्याला किती. लेख लहान असत आणि वाचणाऱ्याला चिमटा बसून मग हसू येई. खप वाढला. लोक म्हणायला लागले, काय माणूस आहे, गजाआडून लिहितो. मजकूर बाहेर कसा येतो यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे भाकरीतून, कुणी म्हणे धोब्याच्या गाठोड्यातून. एकानं तर पहारेकरी फितूर असल्याचं शपथेवर सांगितलं, आणि त्या बिचाऱ्याची बदली झाली.

सरकारलाही तेच वाटलं. संपादकांच्या कोठडीची झडती झाली. काही सापडेना, तेव्हा संशय आणखी बळावला. आधी पेन्सिल काढून घेतली, मग पुस्तकं, मग अंथरूण उसवून पाहिलं. बाहेर नवा अग्रलेख आला की आत त्यांची एकेक सोय जाई. बाराव्या लेखानंतर तुरुंगाचे नियम मोडल्याबद्दल शिक्षा तीन महिन्यांनी वाढली.

ती भेटायला गेली. मधे जाळी, पलीकडे पहारेकरी. संपादक वाळले होते, दाढी वाढली होती. तिला भडभडून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना इतकं कमी बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"घरी सगळं ठीक?"

"ठीक. शाळा परत इमारतीत गेली. घोडे हलवले."

"ऐकलं," ते म्हणाले. "इथं सगळे मला घोड्यांचं तेवढंच म्हणून दाखवायला सांगतात. रोज." मग ते जाळीशी आले. "एक ऐकशील? तू आता लिहायचं थांब."

ती म्हणाली, "म्हणजे मी लिहिते, हे तुम्हांला ठाऊक आहे."

"हळू बोल."

"एकदा म्हणा ना. मला ऐकायचंय. हे हिनं लिहिलंय, असं म्हणा."

संपादकांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. "अगं, आता ते म्हणून काय होणार? लोकांचा विश्वास बसलाय. चळवळीला बळ मिळतंय त्यानं. तू आणि मी काय वेगळे आहोत?"

"वेगळे नाही तर मग तुम्ही आत आणि मी बाहेर कशी?"

यावर त्यांच्याजवळ दीड रकान्याचं उत्तर असणार, पण भेटीची वेळ संपली.

ती घरी आली ती ठरवूनच. लिहायचं थांबवणं तिला जमणार नव्हतं. नवऱ्याला तिच्या लिहिण्यापायी आत कुजत ठेवणंही जमणार नव्हतं. दोन्हींवर उपाय एकच होता, आणि तो तिला आधीच सुचायला हवा होता. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत तिनं जुळवलं : 'हा व मागील बारा अंकांतील अग्रलेख मी लिहिले आहेत. संपादकांचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.' आणि खाली स्वतःचं नाव.

गाव वेडं झालं. लोक म्हणाले, संपादकांनी आता बायकोचं नाव घेऊन लिहायला सुरुवात केली, काय डोकं आहे, सरकारच्या हातावर तुरी दिल्या. पत्रांचा ढीग पडला. एका विद्वान गृहस्थांनी चार पानी पत्र पाठवलं, की पुरुष असून स्त्रीच्या मनात इतकं खोल शिरणं आजवर कुणाला साधलं नव्हतं, फक्त दोन ठिकाणी पुरुषी हात लपत नाही. ती दोन ठिकाणंही त्यांनी दाखवून दिली होती. तिनं ते पत्र काकांना वाचून दाखवलं. काका इतके हसले की त्यांच्या हातातली पट्टी सांडली आणि दोघांना गुडघ्यांवर बसून खिळे वेचावे लागले. वेचता वेचता ती रडायला लागली. काका उगाच इकडच्या तिकडच्या फटींत खिळे शोधत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याच्या दारात पोलीस इन्स्पेक्टर उभा राहिला. त्याच्यामागे जाड भिंगांचे भाषांतरकार होते, काखेत कागदांची गुंडाळी घेऊन.

"वॉरंट आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुमच्या नावाचं."

"छापल्याबद्दल?"

"लिहिल्याबद्दल," भाषांतरकार म्हणाले.

तिनं हात पुसले आणि स्टूल ओढून घेतलं. भाषांतरकारांनी गुंडाळी उलगडून तिच्यापुढे धरली. त्यांच्याच अक्षरातली यादी होती. तेरा लेख, तारखेनिशी, प्रत्येकाचं शीर्षक, प्रत्येकातलं सरकारला झोंबलेलं वाक्य, आणि वर ठसठशीत लिहिलेलं : लेखिका, आणि पुढे तिचं नाव. तिच्या लेखांची यादी याआधी कुणी केलेली नव्हती. तिनं स्वतःही केलेली नव्हती.

"तुम्हांला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"बाई, संपादकांचे लेख मी सात वर्षं भाषांतरित केलेत. त्यांच्या लेखाच्या दिवशी माझं जेवण चार वाजता व्हायचं. तुमच्या लेखाच्या दिवशी मी वेळेवर जेवतो." ते जरा थांबले. "मी तसा अहवाल दिला. साहेबांना पटायला वेळ लागला. माझं काम आहे ते, राग मानू नका."

तिला राग आला नव्हता. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायला ती यादीवरून बोट फिरवत राहिली. शेवटपर्यंत गेली, परत वर आली.

"यात एक राहिलाय," ती म्हणाली. "घोड्यांचा."

भाषांतरकारांनी चष्मा काढून पुसला. "तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण त्याचा निकाल झालाय. कोर्टानं तो तुमच्या यजमानांचा ठरवलाय. आता तो बदलायचा तर अर्ज त्यांनीच करायला हवा, की तो माझा नाही म्हणून."

"ते करतील?"

इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघायला लागला. भाषांतरकारांनी गुंडाळी पुन्हा बांधली.

तिला एक वर्षाची शिक्षा झाली. संपादकांची वाढलेली शिक्षा रद्द झाली, मूळचे सहा महिने मात्र त्यांना पुरे करावे लागले, कारण घोडे त्यांचेच होते. सुटल्यावर गावानं त्यांचा मोठा सत्कार केला. अर्ज करायचं त्यांच्या मनात होतं, असं ते पुढे बऱ्याच जणांना सांगत. आधी प्रकृती बरी नव्हती, मग मुलीचं आजारपण आलं, मग आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं. पुस्तक झपाट्यानं झालं. पण प्रुफं तपासायला माणूस मिळेना. दोघांतिघांना देऊन पाहिली, कुणालाच ती वाक्यं आवरेनात. शेवटी संपादकांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी काढली आणि गठ्ठा बायकोकडे पाठवला. सोबत चिठ्ठी होती : 'तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मुलगी बरी आहे. तुझी फार आठवण येते.' ती खरी होती. ते खोटं कधीच लिहीत नसत, त्यांना फक्त आठवण वेगळी राही.

तिनं गठ्ठा मांडीवर घेतला आणि पेन्सिलीला टोक केलं. पहिलंच प्रकरण होतं, 'घोडे कसे सुचले'. त्यात पहाटेची वेळ होती, दौऱ्याला निघालेले संपादक होते, मनात उसळलेली चीड होती, आणि दारात निरोप द्यायला उभी असलेली, काही न कळणारी साधीभोळी पत्नी होती. तिनं एका वाक्याची तीन वाक्यं केली. एक क्रियापद सापडत नव्हतं, ते घातलं. पत्नीच्या वाटेला गेली नाही.

मग तो मजकूर आला, अवतरणचिन्हांत, संपादकांनी आठवणीतून लिहिलेला. तिनं ओळी मोजल्या. सोळा भरल्या. ती परत सावकाश वाचत गेली आणि जास्तीच्या दोन ओळी तिनं काढून टाकल्या.